अंबिकाच्या भिंती बुजवताना

अंबिकाच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच. त्यामुळे तिचा नवरा रोशन तिला कशाने मारतोय ते मला उठून बघावं लागायचं नाही. लाटणं वेगळं वाजतं, पट्टा वेगळा. मेल्याने तिला भिंतीवर ढकललं की माझ्या फळीवरचे डबे खडखडायचे. मी दार बडवायची, तोंडाला येतील त्या शिव्या घालायची, पोलिसांनाही बोलावून झालं. सकाळी ही बाई ओढणी गळ्याशी गुंडाळून पाण्याला यायची आणि म्हणायची, "जाऊ दे ना मनोरमाताई. जाऊ तरी कुठे मी?"

घर तिच्या बाबांचं. लालबागची खोली विकून त्यांनी इथे भाईंदरजवळ मुर्ध्यात हे दोन खोल्यांचं बैठं घर स्वतः उभं राहून बांधून घेतलं, आणि शहाणपणा करून लेकीच्याच नावावर केलं. रोशन घरजावई. आयतं छप्पर मिळालं, तर हाच मालक झाला. भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात काम करायचा आणि तिथला राग घरी आणून काढायचा. मग एकदा त्याने सान्वीला, स्वतःच्या पोरीला, कुकरचं झाकण फेकून मारलं. तिच्या भुवईला टाके पडले. त्या रात्री अंबिका रडली नाही. मला म्हणाली, "घर विकते ताई. बोईसरला भावाशेजारी खोली बघते. पोरीला इथे ठेवणार नाही." मी म्हटलं, एकदाची जागी झालीस बाई.

पण घर दाखवायचं कसं? दारामागे खुर्ची आपटून पडलेलं भोक, ओट्याच्या वर खलबत्ता भिरकावल्याचं भोक, मोरीच्या दाराची फळी लाथेने फाटलेली. एजंट म्हणाला, "पहले पुट्टी-कलर करवा लो, नहीं तो कोई अंदर भी नहीं आएगा." रंगाऱ्याला द्यायला ही ब्लाऊज शिवणारी बाई पैसे कुठून आणणार? मग आम्ही दोघींनीच पदर खोचले. गणपती तोंडावर होते, म्हणून अंबिकाने रोशनला सांगितलं की गणपतीसाठी घराला रंग काढतेय. त्याला खरंच वाटलं. "मोदक नीट कर यंदा," म्हणाला मुडदा.

रोशन कामाला गेला की आम्ही थापी घेऊन बसायचो. प्रत्येक भोक बुजवताना ती सांगायची, हे कधीचं, का मारलं होतं. एकदा भाजीत मीठ कमी पडलं म्हणून. एकदा तर ती हसली म्हणून. ऐकून माझं डोकं फिरायचं, पण तिचे हात चालूच.

तिथेच आम्ही माती खाल्ली. नळाला पाणी एक दिवसाआड, ते प्यायलाच पुरत नाही. म्हणून पुट्टी कालवली बोअरिंगच्या पाण्यात. खाडीकाठचं खारं पाणी ते. आम्ही पडलो मुंबईच्या नळावर वाढलेल्या. भांड्यांना चालतं तर भिंतीला का नाही चालणार, असं आमचं शहाणपण. थोड्याच दिवसांत भिंतीवर पांढरं मीठ फुललं, रंगाला पोपडे धरले. आणि गिऱ्हाईक येणार त्या सकाळी पुट्टीच्या खपल्या धडाधड खाली आल्या. सगळी भोकं पुन्हा उघडी.

गिऱ्हाईक म्हणजे उत्तनच्या व्हेराबाई. नर्सची नोकरी करून रिटायर झालेल्या, मुलासाठी घर बघत होत्या. अंबिकाने एका भोकावर कॅलेंडर टांगलं, एकाच्या पुढ्यात कपाट ओढलं. बाईंनी नेमकं तिसऱ्यात बोट घातलं.

"हे काय गं बाय?"

"उंदीर, आंटी."

"छातीएवढ्या उंचीवर?"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. एजंटाने चहाच्या टपरीवर बडबड केली होती, ती रोशनच्या कानावर गेली. त्याने पाहुणी बघितली नाही, पोर बघितली नाही. सरळ अंबिकाचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. "मला बेघर करतेस?" सान्वी किंचाळत त्याच्या हाताला चावली, तर तिला लाथेने उडवलं. माझ्या हाताला बादलीतली थापी लागली. घातली त्याच्या मनगटावर, सगळा जोर लावून. हाड मोडल्याचा आवाज आला आणि खोटं कशाला बोलू, मला गार वाटलं. तो वाकला तसं व्हेराबाईंनी त्याला कॉलरला धरून बाहेर लोटलं आणि कडी घातली. बाहेर तो दारावर लाथा घालत राहिला, मग गल्लीतल्या पोरांनी त्याला धरून तुडवला. पोलीस येईपर्यंत सोडला नाही.

अंबिका खाली बसली होती. भुवईवरून रक्त डोळ्यात उतरत होतं. व्हेराबाईंनी रुमालाची घडी करून जखमेवर दाबली. तेव्हा कुठे ती रडायला लागली, पण माराने नाही. सौदा मोडला म्हणून.

"आंटी, घर वाईट नाही हो," ती हुंदके देत म्हणाली. "प्लास्टर गेलंय नुसतं, ते होईल. पण भिंत बघितलीत ना तुम्ही आत्ता? इतकी वर्षं आपटतोय तो. माझं डोकं फुटतं, वीट हलत नाही. बाबांनी पक्कं बांधलंय."

व्हेराबाईंनी रुमाल दाबूनच धरला होता. मान वर न करता मला म्हणाल्या, "तुम्ही हिचे नि पोरीचे कपडे भरा. रिक्षा बोलवा. टाके घालून झाले की दवाखान्यातच मी हिला घराचं टोकन देते."