बाबांचा खांदा आणि माझा पाय

मी जन्मले ती पायांकडून. आमच्या भागात अशा मुलाला पायाळू म्हणतात. पायाळूने दुखऱ्या पाठीला, खांद्याला पाय लावला की उसण जाते, असं मानतात. त्यामुळे मी चालायला लागले तसे आमच्या ओट्यावर कण्हणारे लोक येऊ लागले. बाबा एसटीवर ड्रायव्हर. ड्युटीवरून आले की त्या माणसाला आधी पाणी द्यायचे आणि मग हाकलायचे. "माही पोट्टी काय बाम हाये?" एवढंच म्हणायचे. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच उतारे-ताईत घराबाहेर गेले होते. माझा पाय तेवढा आत येऊ पाहत होता. मला बाबांचा फार अभिमान वाटायचा. शाळेत मुली चिडवायच्या तेव्हा मी त्यांचंच वाक्य तोंडावर फेकायचे.

गेल्या हिवाळ्यात बाबांचाच उजवा खांदा धरला. आई गेल्यापासून ते मंगरूळपीरला माझ्याकडे राहतात. हात वर जाईना, मागे जाईना. शर्टाची बाही चढवताना डोळ्यांत पाणी यायचं. वाशीमच्या डॉक्टरांनी फ्रोजन शोल्डर सांगितलं. शुगरवाल्यांना होतो म्हणे, आणि सुटायला वर्षसुद्धा लागतं. फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दिले. टेबलावर वाकून हात लोंबता सोडायचा आणि झुलवायचा, भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढायचं. बाबा थोडे दिवस चढले, मग म्हणाले, "मले काय पाल समजते ती मॅडम?"

मग बाकीचे उपाय सुरू झाले. शेजारच्या काकूंनी निरगुडीचा पाला शेकायला दिला, त्याने जरा बरं वाटायचं. एका मालिशवाल्याने असा झटका दिला की बाबा आठवडाभर माझ्याशीही बोलले नाहीत, कारण त्याला मी आणलं होतं. तुंबड्या लावून झाल्या, पाठीवर गोल वळ तेवढे उठले. लसूण-ओवा टाकून तिळाचं तेल कढवून मी रोज चोळत होते. ज्या माणसाने जन्मभर जडशीळ स्टेअरिंग ओढलं, त्याला चहाचा कप डाव्या हाताने उचलावा लागत होता. मला ते पाहवत नसे. दुखण्यावर राग काढता येत नाही, म्हणून तो त्यांच्यावरच निघायचा.

एका दुपारी तेल चोळून झालं आणि मी हात पुसत होते. बाबा खाली चटईवर बसलेले, माझ्याकडे पाठ करून. तसेच म्हणाले, "तुहा पाय लाव एकदा खांद्याले."

दुखण्याने बाबा मोडले, असंच वाटलं मला. ज्या एका माणसाने मला बाम होऊ दिलं नाही, तोच आता मागत होता. मी चिडले. "जन्मभर लोकायले हाकललं तुमी. आता काहून? तुमी बी मानता काय हे?"

"मानत नाई."

"मंग?"

"पाठवाल्यायचं मले काई नोतं," बाबा म्हणाले. "उसण गेली काय आन् नाई गेली काय, माहं काय जात होतं? पन तू लहान असताना दोन मानसं आलते. त्यायची पाठ दुखत नोती. गुप्तधन काढाचं होतं त्यायले. पायाळू पोर पाह्यजे, एका रातीसाठी द्या म्हने."

गुप्तधनासाठी नेलेल्या पायाळू मुलाचा बळी देतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं.

"त्यायले मी मारत मारत फाट्यावर नेऊन सोडलं. पन मंग एकालेबी हो म्हनाची हिंमत नाई झाली. एकाची पाठ बरी झाली, का तुहं नाव दहा गावात जाते. म्हून साऱ्यायलेच हाकललं. तुह्या आईलेबी नाई सांगतलं." मग आवाज उतरला. "साऱ्यायची लेकरं बापाचं आंग तुडवत. मी ड्युटीवरून आलो का पाठीचा भुगा झालेला राहे. पन तुले कधी पाठीवर उभं नाई केलं. कोनी पाह्यलं आसतं तर?"

आजवर मी त्यांना न भिणारा माणूस समजत होते. मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही.

"आता तू पन्नाशीची झाली," बाबा म्हणाले. "आता तुले कोन नेते? लाव."

बापाला पाय लावायचा म्हणून मी आधी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग खिडकीचा गज धरला आणि मागून उजवा पाय त्यांच्या खांद्यावर अलगद टेकवला. खांदा तेलाने अजून ओला होता. बाबांनी डावा हात छातीवरून आणून माझा घोटा धरला. थोड्या वेळाने मी पाय काढू लागले, तशी त्यांची पकड घट्ट झाली.