बाजूला घे

आधीच कबूल करतो, भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त इतरांच्या खोड्या काढायला येत होतो. कोणी चिंचेच्या झाडाबद्दल लिहो, कोणी मागून येणाऱ्या पावलांबद्दल, खाली "पुरावा काय?" विचारणारा तो आगाऊ माणूस म्हणजे मीच. आता माझ्याकडे पुरावा आहे – लॅपटॉपमध्ये, सेकंदागणिक मोजलेला – आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही.

मी मूळचा साताऱ्याचा. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगला आहे, राहतो शोळिंगनल्लूरला. बिघाड शोधणं हीच माझी रोजीरोटी. बाबा गेल्यावर आईला इकडे आणलं आणि वर्षभरात तिच्या किडन्यांनी हात टेकले. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. हॉस्पिटल टी. नगरच्या बाजूला, वेळ सकाळी सातची. पोचायला उशीर झाला तरी ठरल्या वेळी मशीन पुढच्या पेशंटला द्यावंच लागतं, म्हणजे आईच्या चार तासांतला अर्धा-पाऊण तास गेला. तो गेलेला वेळ दुसऱ्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर सूज होऊन दिसायचा. कॅब करून पाहिल्या. व्हीलचेअर दिसली की ड्रायव्हरला डिकीतली सीएनजीची टाकी आठवायची. म्हणजे सगळी भिस्त माझ्या जुन्या डिझेल गाडीवर.

आणि दसऱ्यानंतर आठवड्याभरात त्याच गाडीने दगा द्यायला सुरुवात केली. ओएमआरच्या हमरस्त्यावर छान चालता चालता एकदम ताकद जायची, इंजिनचा पिवळा दिवा लागायचा, चाळीसच्या वर जाईना. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की ठणठणीत! कधी दोन दिवस काही नाही, कधी एका सकाळी दोनदा. स्कॅनर एवढंच सांगायचा – टर्बोचा दाब चुकतोय. का चुकतोय, ते देव जाणे. सेन्सर बदलला, पाइप बदलले, वायरिंग तपासलं. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तीन दिवस ठेवली, तिथे ती अगदी शहाण्यासारखी वागली. घरी आणली, दुसऱ्याच सकाळी थोरैपाक्कमला बसली. मागे आई, पुढे घड्याळ... मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून अक्षरशः रडलोय.

शेवटी कामावर करतो तेच केलं. गाडीला लॉगर, म्हणजे सेकंदागणिक नोंदी ठेवणारं यंत्र, जोडला. स्क्रीनवर दोन रेघा – इंजिनने मागितलेला दाब आणि टर्बोने दिलेला दाब. गाडी धड असेल तर दोन्ही एकमेकींना धरून चालतात. काही वेगळं जाणवलं तर खूण करायला एक बटण.

पहिल्याच मंगळवारी मागच्या सीटवरून आई म्हणाली, "महेश, बाजूला घे."

"का गं? मळमळतंय?" मी जोरात विचारलं.

"नाही रे. घे आपली बाजूला."

मी आरशात बघून इंडिकेटर देतोय तोवर दिवा लागला आणि गाडी बसली.

योगायोग म्हणालो. गुरुवारी तेच झालं. मग मी तिच्या "बाजूला घे"ला बटण दाबायला लागलो. घरी बसून फाइली उघडल्या. सात वेळा ती बोलली, सातही वेळा आठ ते दहा सेकंदांनी रेघा फाटल्या. आणि त्या मधल्या सेकंदांत काहीच नाही. दाब, तापमान, डिझेल, सगळं जागच्या जागी. टर्बोची शिट्टी ऐकू येत असेल म्हणावं, तर आईला कानाच्या मशीनशिवाय ऐकू येत नव्हतं आणि हॉर्नचा त्रास नको म्हणून गाडीत बसताच ती मशीन काढून पर्समध्ये टाकायची. सीटखाली थरथर मोजायचा सेन्सर लावला. तिथेही काही नाही.

"तुला कळतं कसं?" मी एकदा ओरडून विचारलं.

"कळतं म्हणजे... छातीत ओढल्यासारखं होतं. वाटतं, आता हिला नाही जमायचं."

मी ते तारीखवार वहीत लिहून घेतलं. 'छातीत ओढ – नंतर बिघाड.' एवढंच केलं मी!

बिघाड सापडला तो गोविंदरावांमुळे. मेडवाक्कमला त्यांचं छोटं गॅरेज आहे. घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचं, त्यामुळे त्यांची मराठी आपल्या पणजोबांच्या काळातली आणि चाल तमिळ. दोन तास इंजिनावर वाकून होते. मग मला बोलावलं.

"सार, अस्कं पाहिलों मी." अस्कं म्हणजे सगळं. "आयुधपूजेला इंजिनास गंध कोण लावलें?"

त्यांच्या बोटावर एक काळी टोपी होती, नाण्याएवढी. टर्बोचा दाब सांभाळणाऱ्या झडपेची हवा तिच्यातून येते-जाते. तिच्या जाळीवर चंदन आणि विभूतीचा थर वाळून बसला होता.

"पावसाची ओल लागली कीं हें फुगतें, वारें अडतें. वाळलें कीं पुन्हा सरी, गाडी ठीक. म्हणून तुम्हांस सांपडेना."

घरी येऊन आईला विचारलं. खंडेनवमीला सोसायटीतल्या सगळ्यांनी बॉनेट उघडून पूजा केली, हळद-कुंकवाऐवजी इथे चंदन-विभूती लावतात हे तिने पाहिलं, आणि मी ड्यूटीवर असताना वॉचमनकडून बॉनेट उघडवून घेतलं. इतरांनी वर एकेक टिळा लावला होता. आईने देवघरातली उपकरणी पुजावीत तसा प्रत्येक भाग पुजला.

"तिच्याच जिवावर तर चाललंय माझं," ती म्हणाली. मग चेहरा पडला. "म्हणजे तुझी एवढी तारांबळ माझ्यामुळे?"

मी हसलो. कित्येक दिवसांनी दोघंही हसलो. वहीत खाली दोन रेघा मारून विषय संपवला.

टोपी बदलल्यावर तीन आठवडे गाडी एकदाही बसली नाही. आईही एकदाही "बाजूला घे" म्हणाली नाही.

मग तो शनिवार. रात्रभर पाऊस पडून गेला होता, लख्ख ऊन होतं, रस्ता मोकळा. लॉगर काढायचा मी कंटाळा केला होता, तो चालूच होता.

"महेश, बाजूला घे."

सवयीने मी बटण दाबलं. स्क्रीनकडे पाहिलं. दोन्ही रेघा हातात हात घालून चाललेल्या. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने, हसत म्हणालो, "आई, गाडी आता बरी आहे गं!"

ती पुन्हा काही बोलली नाही. पुढच्या सिग्नलला आरशात पाहिलं तर तिचं डोकं काचेला टेकलेलं होतं. झोपली असेल वाटलं. हॉस्पिटलच्या दारात, व्हीलचेअर उघडून तिला हात लावला, तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, या आजारात असं अचानक होतं. "आधी कधी छातीची तक्रार होती?" मी नाही म्हणालो. म्हणून झाल्यावर वही आठवली.

आईचं काय झालं ते डॉक्टरांना माहीत आहे. गाडीचं काय झालं ते गोविंदरावांना माहीत आहे. पण त्या सात खुणांचं कोणालाच सांगता येत नाही. ती स्वतःबद्दल बोलत होती, तर दर वेळी गाडी कशी बसायची? गाडीबद्दल बोलत होती, तर ओढ तिच्या छातीत का? ज्यांना ज्यांना मी इथे पुरावा मागितला त्यांची हात जोडून माफी मागतो. कोणाला काही सुचत असेल तर लिहा हो. काहीही चालेल... मला आता हसू येणार नाही.

ती आठवी फाइल मी रोज उघडतो. खूण येते. मी सेकंद मोजतो – सात, आठ, नऊ, दहा. दोन्ही रेघा एकमेकींना धरून थेट हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जातात. गाडीला खरंच काही झालेलं नव्हतं.