वळणावरची जाळी

धारहून फोन आला तेव्हा मी देवासला आमच्या स्वयंपाकघरात कणीक मळत होते. फोनवर वन्संच्या शेजारच्या रेखाभाभी होत्या. "दीदी उठ नहीं रहीं, आप लोग जल्दी आ जाओ," एवढंच त्या म्हणाल्या, पण आवाजावरूनच सगळं कळलं. वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद, सुमती. माझ्या सासरी अजून नात्यांना जुनेच शब्द चालतात, त्यामुळे लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना वन्संच म्हणत आले. इंदूर ओलांडून धारपर्यंतच्या रस्त्यात माझे यजमान शरद एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "डोक्यातली ती जाळी सरकली असेल का गं?" पोहोचलो तर वन्संचे नेहमीचे डॉक्टर थांबलेले होते. त्यांनी शरदच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की वर्षभर हृदयाचा त्रास होताच, झोपेत तेच थांबलं. डोक्यातलं काही नाही. ते ऐकून शरद पायरीवर मटकन बसले आणि मग रडले. त्या रडण्यात दुःख तर होतंच, पण कसली तरी सुटकाही होती. ती समजायची तर काही वर्षं मागे जावं लागेल.

वन्सं धारच्या मुलींच्या सरकारी शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्न केलं नाही, का, ते कुणी विचारलं तर म्हणायच्या, "पृथ्वी फिरवण्यातच वेळ गेला." त्यांचं वाक्य जुन्या घरंदाज मराठीत सुरू व्हायचं आणि तिथल्या माळवी बोलीत जाऊन संपायचं. रागावल्या की सख्ख्या भावालाही "सुनो भिया!" अशी हाक. मी देवासच्या कारखान्याच्या वसाहतीत वाढलेली. वडील नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात वन्सं माझं बोलणं लक्ष देऊन ऐकत होत्या. मी घाबरून गप्प झाले, तर म्हणाल्या, "बोल की. तुझं मराठी स्टीलचं, आमचं पितळेचं. आमटी दोन्हीत शिजते." त्या दिवसापासून मला सासर परकं वाटलं नाही.

त्या निवृत्त झाल्या त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात त्यांच्या डाव्या डोळ्याची पापणी खाली आली. आधी डोकं दुखत होतं, त्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. मग एकाचे दोन दिसू लागले. "समोरून येणाऱ्या प्रत्येकाला जुळा भाऊ आहे," असं त्यांनी फोनवर हसत सांगितलं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाहुली पाहिली आणि त्याच दिवशी इंदूरला पाठवलं. तिथल्या तपासणीत निघालं, की मेंदूकडे जाणाऱ्या धमनीला एका जागी फुगा आला आहे आणि तो डोळ्याची नस दाबतो आहे. फुटला तर जिवाचा भरवसा नाही... सासूबाई अशाच, डोकं दुखतंय म्हणता म्हणता गेल्या होत्या. त्या वेळी कुणाला काही कळलं नव्हतं. आता मात्र शरद आणि वन्सं एकमेकांकडे बघेनात.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, बोलणं शांत. त्यांनी समजावलं, की मांडीच्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन तो फुगा प्लॅटिनमच्या तारेच्या वेटोळ्यांनी आतून भरून टाकायचा, म्हणजे रक्त आत शिरत नाही. पण वन्संच्या फुग्याचं तोंड रुंद होतं. वेटोळी निसटून धमनीत यायची भीती. म्हणून तोंडाशी धमनीत एक जाळी बसवायची, स्टेंट. ती वेटोळ्यांना आत अडवून धरते आणि रक्ताला वाट मोकळी ठेवते. जाळ्या दोन तऱ्हेच्या. एक लेझरनं नळी कोरून केलेली: ती वळणावर सहज उघडते, धमनीच्या भिंतीला चिकटून बसते, पण तिची भोकं मोठी. दुसरी बारीक तारांची विणलेली: ती दाट, फुग्याचं तोंड जास्त झाकते, पण अवघड वळणावर कधी कधी चपटी होते, नीट उघडत नाही. आणि वन्संचा फुगा नेमका वळणापाशी होता. जाळी कोणतीही बसवा, रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या पुढे बरेच महिने घ्यायच्याच.

शरद इंजिनियर. त्यांनी रात्रंदिवस मोबाइलवर वाचून विणलेल्या जाळीचा ध्यास घेतला. दाट म्हणजे मजबूत, हे त्यांच्या डोक्यात बसलेलं. दुसऱ्या भेटीत ते डॉक्टरांशी जवळजवळ भांडायलाच लागले. आईच्या वेळी काही करता आलं नाही, आता तरी काही चुकू नये, एवढंच त्या भांडणात होतं. डॉक्टर न चिडता म्हणाल्या, "मैं पहले बुनी हुई ही लगाकर देखूँगी. ठीक से नहीं खुली तो वापस खींचकर दूसरी लगाऊँगी. वो फ़ैसला वहीं होगा." शरदचं समाधान होईना. तेव्हा वन्सं म्हणाल्या, "शरद, नालछ्याच्या पुढे मांडूच्या घाटात बस चढते, तेव्हा कोणता गिअर टाकायचा ते तू ड्रायव्हरला सांगतोस का?"

"नाही."

"मग इथं कशाला? वळण तिला दिसणार आहे. आपल्याला नाही." आणि डॉक्टरांकडे वळून, "बेटा, जो वहाँ ठीक लगे वही करना. मेरे भाई को मैं सँभाल लूँगी."

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बसलेल्या भावाला सांभाळायला मात्र मीच होते. डॉक्टर बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, की विणलेली जाळी वळणावर चपटी होत होती, म्हणून ती परत ओढून घेतली आणि कोरलेली बसवली. फुगा छान भरला आहे. शरदनी हात जोडले, पण चेहरा पडलेलाच. संध्याकाळी आत सोडलं तेव्हा वन्संनी उजवा डोळा उघडून पहिला प्रश्न केला, "कोणती?" मी म्हटलं, "कोरलेली." त्यांनी उशीवरूनच हात पुढे करून शरदचं मनगट धरलं. "हरलास रे भिया," म्हणाल्या. शरद हसायला गेले आणि त्यांना हुंदकाच आला.

पुढे त्या आमच्याकडे देवासला राहिल्या. पापणी फार हळू वर येत होती आणि दोन दोन दिसत असल्यानं वाचता येईना. माझी मुलगी मुक्ता हिंदी शाळेत शिकलेली. मराठी बोलायची, वाचताना अडखळायची. वन्संनी तिला रोज दुपारी जुने दिवाळी अंक वाचून दाखवायला बसवलं. सुरुवातीला एक पान संपायला अख्खी दुपार जायची. "आत्या, ये जोडाक्षर किसने बनाया?" असं वैतागून विचारायची. आत्या म्हणायची, "ज्यानं घाट बनवला त्यानंच. सावकाश चढ." पावसाळा संपेपर्यंत वन्संचा डोळा पूर्ण उघडला होता आणि मुक्ता भराभर वाचत होती. दोन दोन दिसायचं थांबलं हे वन्संनी बरेच दिवस आम्हांला सांगितलंच नाही... वाचन थांबलं असतं ना.

फेरतपासणीत फुगा बंद दिसला. वन्सं धारला परतल्या आणि नंतरची वर्षं पुरेपूर जगल्या: मोहनखेड्याच्या जैन तीर्थाला मैत्रिणींबरोबर गेल्या, मुक्ताच्या लग्नात नऊवारी नेसून मिरवल्या. शरद मात्र त्यांचं डोकं जरा दुखलं तरी देवासहून निघायचे. वन्सं गेल्यानंतर अस्थी गोळा करताना मी पाहिलं, ते राख बोटांनी हळू चाळत होते. गुरुजींनी विचारलं, "काही हरवलं का?" शरद म्हणाले, "नाही. ताईनं डोक्यात सांभाळलेलं काही मिळतंय का बघत होतो." काही मिळालं नाही. त्यांनी हात धुतले, आणि कितीतरी वर्षांनी त्यांचे खांदे मोकळे झालेले मला दिसले.

तेराव्यानंतर मी घर आवरायला धारला थांबले. ओसरीवर वन्संची वेताची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून होती. तिथं बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायच्या, "आओ, चाय बन रही है!" चहा कधीच बनत नसायचा, माणूस बसला की मग आत जाऊन आधण ठेवायच्या. त्या दुपारी मी खुर्ची आत न्यायला बाहेर आले, तर त्यांची एक जुनी विद्यार्थिनी, आता स्वतःच शाळेत बाई झालेली, फाटकाशी सवयीनं थांबली होती. मला पाहून ती संकोचली, पुढे निघाली. मी खुर्ची तशीच ठेवली.

"अरे, जा कहाँ रही हो?" मी म्हटलं. "बैठो, चाय बन रही है."

आणि आधण ठेवायला आत गेले.