गुळगुळीत कवटी

धाकटी जाऊ आणि मी एकाच ऑफिसात प्रोग्रामिंग करतो. जुळे सोलापुरातून एकाच स्कूटीवर जातो. चालवते मी.

सीटी स्कॅनचे काप जोडून डॉक्टरांना पडद्यावर फिरवता येईल अशी कवटी तयार करणं, हे आमचं काम. दोन कापांच्या मधे माहितीच नसते. ती आजूबाजूच्या ठिपक्यांवरून भरून काढावी लागते. साधी सरासरी ग्राफिक्स कार्ड झटक्यात काढतं, पण मग कवटीवर पायऱ्या दिसतात. म्हणून मी प्रत्येक जागेसाठी चौसष्ट ठिपके वाचत होते. माझी कवटी छान गुळगुळीत दिसायची आणि फिरवली की अडकायची. गुळगुळीत आणि वेगवान, दोन्ही जिला जमेल ती टीमची प्रमुख, असं साहेबांनी सांगून ठेवलं होतं. मी सहा महिने त्यामागे होते.

धाकटीनं ते आठवड्यात केलं. चौसष्ट ठिपके वाचायचेच नाहीत. त्यांच्या मधल्या आठ नेमक्या जागा निवडायच्या आणि तिथली सरासरी कार्डालाच काढू द्यायची. उत्तर तेच. कार्डाला जे आपोआप येतं ते मी करत बसले होते.

"धाकटीचं चटकन होतंय की," घरी हे कळल्यावर सासूबाई म्हणाल्या. हे त्या तिच्या भाकरीबद्दलही म्हणतात.

मी तिच्या कवटीत खोट शोधायला बसले. सापडली. दातात भरलेल्या धातूची कड पुसट येत होती. कधी नव्हे तो मी तिला चहा करून दिला आणि दाखवलं.

"हो की अक्का," ती म्हणाली. "पद्धतच तशी आहे. तुमच्यातपण येत असेल बघा."

"माझ्यात नाही."

शेजारी माझी कवटी उघडली. तिथंच, तेवढीच पुसट. सहा महिने मी त्यालाच सुबक म्हणत होते.

प्रमुख तीच झाली. वर तिनं साहेबांना सांगितलं, "अक्कांचं बघूनच सुचलं." तिनं निदान फुशारकी तरी मारायची होती, मला रागवायला बरं पडलं असतं. पहिलंच काम तिनं मला दिलं, "ती कड तुम्हीच नीट करा अक्का, तुमच्याइतकं बारीक कोण बघतंय?"

केली. सगळे ठिपके आधीच एकदा धारदार करून घेतले. कड स्वच्छ आली, पण स्कॅन उघडायला किंचित जास्त वेळ लागू लागला. तिनं ते लगेच पकडलं.

"ते मी बघते, अक्का."

"हात लावू नकोस," मी म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढली.