नसीमभाभींचं हसू

भूतबीत, चकवाबिकवा सांगणाऱ्याला मी तोंडावर ‘चल, निघ’ म्हणतो. आजही म्हणतो. त्यामुळे हे लिहिताना मला जरा अवघडच होतंय... पण लिहितो.

कापसाचे भाव पार बसलेले, ती वर्षं. यवतमाळच्या एका केबल चॅनेलवर आमची वऱ्हाडी विनोदी मालिका लागायची — ‘टपरीवरचे तीन शहाणे’. साउंड आणि एडिटिंग माझ्याकडे. लोक वेडे झाले होते. ऑटोवाले आमचे डायलॉग मारायचे, लग्नाच्या पंगतीत आमच्या नकला व्हायच्या.

आता आतली गोष्ट. मालिकेतलं प्रेक्षकांचं हसणं आम्ही एकदाच रेकॉर्ड केलं होतं. फुलसावंगीला कापसाचं एक गोदाम रिकामं पडलं होतं. तिथे गावकऱ्यांना बसवून पहिला भाग दाखवला, वर माइक टांगले, झालं काम. तेच हसू मी प्रत्येक भागाला चिकटवायचो. त्यात एका बाईचं हसणं होतं. सगळे थांबले की ती एकटी सुरू व्हायची — आधी नाकातून, मग खळखळून, शेवटी उचकी. खरं सांगू? लोक आमच्या विनोदाला नाही, त्या उचकीला हसायचे. नट तर शूटिंगमध्येच तिच्यासाठी जागा सोडायला लागले होते.

एक दिवस ढाणकीहून सलीमभाई ऑफिसात आले. ट्रॅक्टर मेकॅनिक. बसलेही नाहीत.

“भाऊ, ते माह्या घरवालीचं हसू आहे. कुठून आणलं तुम्ही?”

“फुलसावंगीहून. आल्या असतील भाभी तिथं.”

“कायच्या आल्या! पोरगी तापानं गेली तवापासून तिनं घर नाही सोडलं. हसणं तं सोडाच, धड बोलत नाही. तुमची सीरियल लागली का उठून आत जाते. तुम्हीच चला न् सांगा तिले, हे कोणाचं आहे ते.”

मी वैतागलो. पण माणूस हटेना, म्हणून गेलो. दोन बायकांचं हसणं सारखं असू शकतं, एवढं समजावून परत यायचं होतं.

नसीमभाभींनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. मी सोबत नेलेली हसण्याची कॅसेट त्यांच्या टेपरेकॉर्डरवर लावली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“माह्यंच आहे,” त्या म्हणाल्या. “मले वाटलं, पोरीसंगंच गेलं.”

मी घाईघाईने कॅसेट काढायला गेलो, तर फीत अडकली. सलीमभाई मदतीला आले, तर ती आणखी गुंतली... त्यांच्या बोटांत, माझ्या घड्याळात.

“आख्खा ट्रॅक्टर खोलता, न् एवढीशी फीत नाही निघून राह्यली तुमच्यानं?” भाभी म्हणाल्या. आणि हसल्या. आधी नाकातून, मग खळखळून, मग उचकी. सलीमभाई गुंतलेले हात तसेच धरून रडायला लागले. मलाही राहवलं नाही.

यवतमाळला परतून मूळ टेप लावली. सगळे हसतात, थांबतात... पुढे नुसता पंख्याचा आवाज. टेप कपाटात बंद होती, किल्ली माझ्याकडे. जुने भाग काढले, त्यांतही ते हसू नाही. टेप खराब झाली म्हणावं, तर बाकी सगळं जागच्या जागी. पुढे कितीतरी साउंडवाल्यांना विचारलं. कोणालाही सांगता आलं नाही.

मालिका मग पडलीच. नट सवयीने जागा सोडायचे, आणि तिथे काहीच नसायचं. चॅनेलचे मालक म्हणाले, “बाई सापडली ना? मग जा, पुन्हा रेकॉर्ड करून आण.” मशीन घेऊन मी एसटी स्टँडपर्यंत गेलोही होतो. ढाणकीची गाडी समोर लागली होती. चढलो नाही.

ते हसू टेपवर परत आलं, आणि भाभींकडून पुन्हा गेलं, तर?