टांग्यावालं गाणं

माझ्या साडभावाइतका भित्रा माणूस आरमोरीपासून चांद्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही, आणि इतका वादावादी करणाराही सापडायचा नाही. या दोन गोष्टी एकाच देहात कशा नांदतात, हे कोडं मला बरीच वर्षं सुटलं नव्हतं. या साडूंचा, आमच्या भाऊजींचा, सारा जन्म ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आणि विजेच्या कारखान्यात गेला, पण घरातला पंखा लावायचा झाला की ते रबरी चप्पल घालणार, तोंड फिरवणार आणि लाकडी काठीनं बटण दाबणार. बसमध्ये बसले की आधी मागचं संकटकाळी दार उघडतं की नाही ते ढकलून बघणार. भद्रावतीच्या एका लग्नात फटाक्यांची लड फुटली, तर हे भरल्या ताटावरून उठून पळाले, आणि नवरदेवाची घोडी यांना पाहून बिथरली. वर मलाच म्हणाले, "मी पळालो नाई बापू, मी जागा देऊन राह्यलो होतो."

असा हा माणूस गाण्यांचा विषय निघाला की मात्र कुणाच्या बापाला ऐकत नसे. रेडिओच्या जमान्यातलं सर्वांत चांगलं गाणं कोणतं, हा त्यांचा एकच विषय. निवृत्त होऊन आमच्या गावात, आमच्याच शेजारी राहायला आल्यापासून मी तो सकाळ-संध्याकाळ ऐकत आलो. आपण सिनेमातलं ते होडीतलं गाणं चांगलं म्हणावं, तर ते टांग्यावाल्या गाण्यासाठी जीव टाकणार. दुसऱ्या दिवशी आपण शहाणपणानं टांग्याची बाजू घ्यावी, तर ते रात्रीतून होडीत जाऊन बसलेले! सलूनमध्ये वस्तरा गळ्याशी असताना न्हाव्याचं मनगट धरून, घामानं निथळत, "तुले तालातलं काय समजते?" असं विचारताना मी त्यांना पाहिलं आहे. बाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, माझ्या थोरल्या मेव्हणीला, या भांडणाचा त्रास नव्हता. त्यांना बऱ्याच वर्षांपासून ऐकू येत नाही. नवऱ्याचे ओठ हलत असले की त्या समजत, सगळं ठीक आहे. त्या ओठांवरचा एक 'नाई' तेवढा त्यांना ओळखू येई.

यंदा मोहाची फुलं पडायच्या दिवसांत मात्र सगळं गावच धास्तावलं होतं. शेजारच्या गावातली एक बाई मोह वेचताना गेली. वाघानं नेली. तिच्या टोपलीतली फुलं तशीच होती, असं लोक सांगत आणि सांगता सांगता मागे वळून बघत. पण मोह तर पडतच होता, आणि झाड काही अंगणात येत नाही. मी, भाऊजी आणि बाई, आम्ही तिघं सकाळी उजाडल्यावर जायचो. वाकलेला माणूस वाघाला जनावर वाटतो, आणि मोह तर वाकूनच वेचावा लागतो. म्हणून आमच्याकडची रीत अशी की वेचताना तोंड बंद ठेवायचं नाही. कुणी हाका मारतं, कुणी मोबाइलवर गाणी लावतं. भाऊजी वाद घालत. जंगलात शिरल्यावर ते वाघाचं नाव घेत नसत, 'साहेब' म्हणत. "साहेब फिरतीवर असतीन, बापू, बोलत राहा. होडीतल्या गाण्यात काय आहे ते सांगा मले."

त्या दिवशी मी कंटाळलो होतो. कमरेत कळ येत होती, मानेवर ऊन चढत होतं. म्हटलं, "बरं भाऊजी, टांग्यावालंच सर्वांत चांगलं. मानलं."

भाऊजींच्या हातातली फुलं खाली पडली. "काऊन मानलं?" ते कुजबुजले. "मानू नका ना, बापू! एकमत झालं का माणसं चूप होतात. मले त्या गाण्याचं काही पडलं नाई. मले चूप बसाचं भेव वाटते."

मी काही बोलणार, तोच पलीकडच्या झाडावर वानरं खाकरली. एक, मग सगळी. वानरं उगाच खाकरत नाहीत, वाघ दिसला तरच, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही जाणतं. बाई आमच्यापासून लांब, शेवटच्या मोहाखाली पाठमोऱ्या वाकलेल्या होत्या, आणि त्यांच्यापुढची झुडपं हलत होती. वारा नव्हता. हाक मारून उपयोग नव्हता, धावलं तर जनावर झेपावतं. मला ओरडताही येईना. खोटं कशाला बोलू, मला पळायचं होतं.

आणि भाऊजी चालू लागले. गावाकडे नाही, त्या झुडपांकडे. धोतर ओलं झालेलं आणि आवाज फाटलेला: "टांग्यावालं चांगलं म्हणते! अरे, त्यात घोड्याच्या टापा कुठी आहेत? तबला आहे तो, तबला! होडीतलं ऐक आधी!" ते कुणाशी भांडत होते देव जाणे. भांडत भांडत ते बाई आणि झुडपं यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले. बाईंनी मान वर केली, बाजूनं नवऱ्याचे ओठ हलताना पाहिले आणि हसल्या. झुडपं आणखी एकदा हलली आणि थांबली. परतताना त्या झुडपांजवळच्या मऊ मातीत पंजा उमटलेला दिसला, माझ्या तळहाताहून मोठा. बाईंना आम्ही तो दाखवला नाही.

घरी आल्यावर भाऊजींना ताप भरला. डॉक्टर म्हणाले, भीतीचा आहे, उतरेल. तापही उतरला, पण भाऊजी बोलेनात. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. दोन दिवसांनी बाई आमच्या दारात उभ्या राहिल्या. "बापू, यांचे ओठ हलून नाई राह्यले. मले लय भेव लागून राह्यलं. या, काही उलटं बोला यांच्याशी."

मी गेलो. खाटेपाशी बसून, मनावर दगड ठेवून म्हणालो, "भाऊजी, जुन्या गाण्यांत काही दम नाही. आजकालचीच चांगली."

भाऊजींनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बराबर आहे तुमचं."

जंगलात भ्यालो नव्हतो इतका मी तेव्हा भ्यालो. बाईंना शब्द कळला नाही, पण माझा चेहरा कळला. त्या खाटेवर टेकल्या, भाऊजींची हनुवटी धरून स्वतःकडे वळवली आणि ज्यांनी इतक्या वर्षांत या वादात एक शब्द टाकला नव्हता त्या, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "सगळ्यात चांगलं अंगाईचं गाणं होतं. माहेरच्या रेडिओवर लागे. मले अजून ऐकू येते ते."

भाऊजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग फार हळू, आवाजच नाही असे, त्यांचे ओठ हलले. मला ऐकू आलं नाही.

बाई मात्र पदरानं तोंड झाकून म्हणाल्या, "नाई म्हणून राह्यले, बापू. नाई म्हणून राह्यले."