वैनगंगेपर्यंत सायकलनं

लाखनीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते. पंचाहत्तर सालच्या आगेमागेची ही गोष्ट. आई लहानपणीच गेलेली. वडील भंडाऱ्याला माझ्या भावाच्या संसारात राहून हातमागावर बसत. माझ्या लग्नाचं बोलणं दोनदा होऊन दोनदा मोडलं होतं आणि तिसऱ्यांदा कोणी विषय काढला नव्हता. त्यामुळं नोकरीचा कागद आला तेव्हा घरातल्या सगळ्यांनाच हायसं वाटलं. मलासुद्धा.

हायवेला लागून एक किराणा दुकान होतं, त्याच्या मागची खोली मी भाड्यानं घेतली. दिवसभर ट्रक जात. मोठा ट्रक गेला की फळीवरचे डबे थरथरत. आठवडा शाळेत निघून जाई. रविवार मात्र जाता जात नसे. कपडे धुवून वाळत घातले, वह्या तपासल्या, तरी घड्याळात अकराच वाजलेले असत. दुकानदाराची बायको कधी बोलवायची, पण तिच्याकडं बसलं की तिसऱ्या वाक्याला लग्नाचा विषय निघे. मग मी जाणं सोडलं.

भंडाऱ्याच्या एका कंपाउंडरच्या मुलीचं लग्न झालं आणि तिची लेडीज सायकल विकायला निघाली. ती मी घेतली. सायकल मला लहानपणापासून येत होती, भावाच्या मोठ्या सायकलीवर कैचीत पाय घालून शिकलेली. पहिल्या रविवारी मी हायवेनं साकोलीच्या दिशेला निघाले. अर्ध्या तासात दोन ट्रकांनी मला रस्त्याखाली उतरवलं. दुसऱ्या ट्रकच्या क्लीनरनं खिडकीतून काहीतरी ओरडून हात हलवला. मी परत आले ते ठरवून, की हा रस्ता आपला नाही. आणि एकटीनं जाणंही खरं नाही.

शाळेत आम्ही तिघी बाया होतो. मी बाकीच्या दोघींना रविवारी बरोबर येता का म्हणून विचारलं. एकीला सायकल येत नव्हती. दुसरी उत्साहानं हो म्हणाली, नवऱ्याची सायकल घेऊन पहाटे आली, आणि गावाबाहेरच्या वळणावर तिचा सासरा उभा दिसला. ती उतरली, सायकल वळवली आणि त्याच्या मागं चालत गेली. सोमवारी शाळेत ती माझ्याकडं बघेना. हेडमास्तरांच्या कानावरही गेलं असावं. ते म्हणाले, "बाई, तुमाले काही आणाचं असन तर चपराशाले सांगत जा. सायकलवर काहून फिरता?" मला काही आणायचं नव्हतं, हे त्यांना समजावून सांगणं मला जमलं नाही.

रस्ते मला कळले ते बाजारात. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून बाया डोक्यावर टोपल्या घेऊन येत. कोणता रस्ता कसा आहे हे त्यांच्या पायांना जेवढं ठाऊक होतं तेवढं कोणालाच नव्हतं. त्यांतली एक म्हातारी शिंगाडे विकायची. तिच्याकडून शेरभर शिंगाडे घेऊन मी तिथंच बसून सोलत खायची आणि विचारायची.

"आमच्या गावाले कायले येता वो मास्तरीणबाई? तुमचं कोण हाय तिथं?"

"कोणी नाही. सायकलनं जाऊन येईन म्हटलं."

"मंग येता कायले?"

मी पुढचा शिंगाडा सोलायला घेई. पण ती रस्ता सांगायची. तिचं अंतर मैलांत नसे. "दोन डाव टोपली उतरवली का आलं गाव," असं. "तलावाच्या पाळीवरून, बांधावरून जा. खालच्या वाटेनं माणूस जाते, सायकल नाय जात." मी घरी येऊन एका वहीत सगळं मांडत असे. शेतांमधल्या कोणत्या पांदणीत, गाडीवाटेत, धुळीत चाक रुतेल, कोणत्या विहिरीवर दोर-बादली असते, सकाळी ऊन डोळ्यांवर येणार की पाठीवर. सायकल दुरुस्त करणारा फक्त बाजार भरतो त्या गावात असतो, हेही मी लिहून ठेवलं. धान कापून झालं की शेतांतल्या बांध्या रिकाम्या होत आणि दूरपर्यंत दिसायचं. तेव्हापासून होळीपर्यंत माझे फिरायचे दिवस.

एकदा शिंगाडेवाली म्हणाली, "तुमच्यावानीच एक बाई येते आमच्या गावात सायकलवर. सुईवाली. पोट्टे तिले पाहून घरात लपते."

ती पलीकडच्या एका गावच्या उपकेंद्रातली नर्स होती. मी चिठ्ठी लिहिली: मी शिक्षिका आहे, रविवारी सायकलनं फिरते, तुम्हीही फिरता असं कळलं, बरोबर यायला आवडेल का? म्हातारीनं ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. पुढच्या बाजाराला उत्तर आलं, लस टोचल्याच्या छापील फॉर्मच्या मागं लिहिलेलं: "मी फिरत नाही, ड्युटी करते. पण येईन. रविवारी सात वाजता, तलावाच्या पाळीवर."

ती माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी मोठी असावी. उंच, हाडकुळी, केसांचा घट्ट अंबाडा. तिच्या कॅरिअरवर औषधाच्या पेटीच्या पट्ट्यानं रंग घासून पांढरा झाला होता. मी तिला ताई म्हणू लागले. ती मला पहिल्या दिवसापासून अगं-तुगं करी. नवरा होता, नागपूरला होता, एवढंच तिनं सांगितलं.

"ताई, आठवडाभर सायकल चालवून रविवारी कंटाळा नाही येत?"

ती पाणी पिऊन तोंड पुसत म्हणाली, "आठवडाभर कोणाच्या ना कोणाच्या घरी जाऊन राहिली असते. आज कोणाच्याच घरी जाचं नाही. तेवढंच."

तीन हिवाळे आम्ही असे फिरलो. आमच्यात आणखी कोणी आलं नाही. आम्ही विचारलंही कोणाला नाही. रस्त्यावर ती पुढं आणि मी मागं. खड्डा आला की ती डावा हात वर करी. बोलणं फक्त विहिरीवर, तेही थोडंच. तिला प्रत्येक वाट, आपण त्या वाटेनं कोणत्या बाळंतपणाला गेलो होतो त्यावरून आठवत असे. "इथून मी पावसात सायकल खांद्यावर घेऊन गेली होती. जुळे होते." पुढं काय झालं ते ती सांगत नसे आणि मीही विचारत नसे. दुपारी बाराच्या आत आम्ही तलावाशी परत येत असू. ती तिच्या गावाकडं जायची, मी लाखनीला. खोलीचं कुलूप काढताना आत कोणी नाही हे तेव्हा जरा उशिरानं जाणवायचं.

वैनगंगेची कल्पना तिची. भंडाऱ्याच्या पुलावरून बसमधून आम्ही दोघींनीही नदी पाहिली होती. ती म्हणाली, "बसमधून पाह्यली ते काय पाह्यली? खिडकीत दुसराच कोणी बसला असते." मग अड्याळवरून पवनीला जायचं ठरलं. घाटावर बसायचं, शिदोरी खायची आणि संध्याकाळच्या एसटीच्या टपावर सायकली टाकून परत यायचं. एवढ्या लांब आम्ही कधी गेलो नव्हतो. मी दोन महिने त्या रस्त्याची चौकशी करत होते. वहीची चार पानं भरली. अड्याळची जत्रा चालू असेल ते रविवार टाळायचे होते, आणि तिची लस टोचायची शिबिरं सुरू व्हायच्या आधीचा रविवार धरायचा होता. असा एकच रविवार निघाला.

त्या दिवशी मी पहाटेच पाळीवर जाऊन बसले. सात वाजले, आठ वाजले. तलावात मासे धरणाऱ्यांच्या होड्या, डोंगे, निघाले. नऊ वाजता मी उठले आणि घरी आले. तिच्या गावाला जाऊन बघावं असं मनात आलं होतं, पण गेले नाही. मला राग आला होता. रागाखाली दुसरंही काही होतं. तिला कंटाळा आला असेल, आपणच तिच्या गळ्यात पडलो होतो, असं वाटत राहिलं. पुढच्या रविवारीही मी पाळीवर गेले. ती आली नाही.

त्यानंतरच्या बाजाराला शिंगाडेवाली दिसली. उतरलेली, काठी टेकत आलेली. मला पाहताच तिनं पदराची गाठ सोडली. "मले ताप आला होता वो बाई. उठलीच नाही. तिनं देल्ली होती जातानी." चिठ्ठी घामानं ओली होऊन वाळली होती, तरी वाचता येत होती. देवरीकडं जंगलातल्या केंद्रावर तिची बदली झाली होती, दोन दिवसांत हजर व्हायचं होतं. खाली लिहिलं होतं: "तू जाऊन ये. थांबू नको. कसं होतं ते मला लिही."

मी थांबले नाही. पुढच्याच रविवारी अंधारात निघाले. रस्ता वहीत होता तसाच निघाला. पण वहीत नसलेलं एक होतं. पुढं कोणी नसल्यामुळं खड्डे मलाच बघावे लागत होते. दोनदा मी आदळले. अड्याळला चहा घेतला तेव्हा हॉटेलवाल्यानं विचारलं, "कोणाच्या घरी चालल्या?" कोणाच्याच नाही म्हटल्यावर तो माझ्याकडं बघत राहिला. पुढं शेतातल्या एका बाईनं हाक मारून विचारलं, "घरी काही झालं का माय?"

पवनीच्या घाटावर पोचले तेव्हा डोक्यावर ऊन आलं होतं. सायकल भिंतीला लावली, चपला काढल्या आणि पाण्याजवळच्या पायरीवर बसले. पाणी हिवाळ्यातलं, संथ, वाळूच्या मधून वाहणारं. शिदोरी सोडावीशी वाटली नाही.

थोड्या वेळानं एक डोंगेवाला माझ्यापासून चार पायऱ्यांवर येऊन बसला. साठीचा असेल. जाळं दुरुस्त करायला घेतलं होतं, पण हात चालत नव्हता. मी उठून बाजूला गेले तर तोही उठून जवळ येऊन बसला. मला भीती वाटली. मी म्हटलं, "बाबा, काय काम आहे?"

तो म्हणाला, "काम काही नाही बाई. तुमी चपला काहाडल्या नं, म्हणून बसलो."

मला आधी कळलंच नाही.

"घाटावर चपला काढून एकटी बाई बसली का मी बसतो जवळ. मांगं दोघी पाण्यात गेल्या माह्या डोळ्यासमोर. घरी कोणाशी भांडण झालं का?"

"नाही बाबा. मी नदी बघायला आले. लाखनीहून. सायकलनं."

"नदी पाह्याले?" त्यानं सायकलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "नदी पाह्याले एवढ्या दुरून कोणी एकटं येते का?"

मी हसले. मग हसता हसता रडायलाच लागले, आणि ते थांबेना. तो जाळं बाजूला ठेवून नदीकडं बघत बसला. माझं रडणं सरल्यावर म्हणाला, "चाला, पल्याड नेऊन आणतो. इथून नदी अर्धीच दिसते." त्यानं मला डोंग्यात बसवून पलीकडच्या वाळूपर्यंत नेलं आणि परत आणलं. अर्धी शिदोरी मी त्याला दिली. एसटी येईपर्यंत तो स्टँडवर थांबला, सायकल टपावर चढवायला त्यानं हात लावला आणि कंडक्टरला बजावून सांगितलं, "बाईले लाखनीलेच उतरवजो."

घरी येऊन ताईला मी मोठं पत्र लिहिलं. रस्ता, विहिरी, अड्याळचा चहा, डोंगेवाला, सगळं. रडल्याचं मात्र लिहिलं नाही. उत्तर आलं नाही. वर्षभरानं दुसरं पत्र टाकलं, त्याचंही आलं नाही. शिंगाडेवालीही पुढं बाजारात दिसेनाशी झाली. रविवारी मी एकटीच फिरू लागले आणि हळूहळू लोकांनी विचारायचं सोडलं.

पंचाऐंशीनंतर माझी बदली एकोडीला झाली. तोवर चाळिशी जवळ आली होती. एकदा पगाराच्या कामानं साकोलीला सायकलनं गेले होते. स्टँडसमोर चहा घेत असताना बाकावर ताई बसलेली दिसली. केस पिकले होते. मांडीवर कापडी पिशवी. तिनंही मला ओळखलं.

देवरीकडं तिनं सायकल चालवलीच नव्हती. सायकल जाईल अशा वाटाच नव्हत्या, पायीच फिरावं लागे. आता गुडघे गेले होते. माझं पत्र तिला मिळालं होतं.

"उत्तर काहून नाही दिलं ताई?"

"चार-पाच डाव लिहाले बसली," ती म्हणाली. "पण तू सगळंच लिहिलं होतं. मी काय लिहू? मी तर तिथं नव्हतीच."

मी सांगितलं, मी आता एकोडीला असते, इथून जवळच आहे, रविवारी ये, बसनं ये, गप्पा मारू. ती हो म्हणाली. पुढं काय बोलावं ते दोघींनाही सुचेना. एवढ्या वर्षांत आम्ही बोलण्याची सवयच केली नव्हती. चहा संपला. तिची गोंदियाची बस लागली. गर्दी होती, तरी कोणीतरी तिला जागा दिली. ती पलीकडच्या बाजूला बसली, त्यामुळं बस निघाली तेव्हा मला ती दिसली नाही.

त्यानंतर कितीतरी रविवार मी दुपारची बस येईपर्यंत घरीच थांबत असे. बसमधून उतरणाऱ्यांत ती कधी नव्हती. पुढं मी थांबणं सोडलं आणि सकाळी लवकर सायकल घेऊन निघू लागले.